तीळ काढायचाय? आधी हे वाचा, आणि तोवर त्याला काही लावू नका

तीळ दाखवायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. दुखेल का, डाग राहील का, आजच्या आज होईल का, आणि मग जरा आवाज खाली आणून, "काढल्यामुळे कॅन्सर तर नाही ना होणार?" तपासणीच्या घाईत एखादं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून हे पत्रक. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या वाचून होईल.

तो तीळच आहे का?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ दिसतो. बहुतेक तीळ लहानपणापासून तिशी-पस्तिशीपर्यंत येतात, आणि मोठ्या माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस तीळ असणं अगदी नेहमीचं आहे. सपाट काळा तीळ काही वर्षांनी किंचित वर येतो, मऊ होतो, फिकटही पडतो. हे त्याचं वय होणं आहे. केवळ वर आला म्हणून घाबरून धावत येण्याचं कारण नाही.

मात्र तीळ म्हणून आम्हाला जे दाखवलं जातं त्यातलं बरंच काही तीळ नसतं. मानेवर, काखेत लोंबणारी मऊ चामखीळ वेगळी. हातापायांवरचा खरखरीत मस हा विषाणूमुळे येतो आणि पसरतो. गालांवर, डोळ्यांभोवती मोहरीएवढे काळे दाणे येतात, ते सावळ्या त्वचेत फार दिसतात आणि सहसा घराण्यात चालत आलेले असतात. उतारवयात पाठीवर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी चट्टे उठतात, तेही निरुपद्रवी. प्रत्येकाचा इलाज निराळा असल्यामुळे फोनवर फोटो पाठवून "हा किती वेळात निघेल" असं विचारलंत तर आमचं उत्तर एकच असतं: आधी दाखवायला या.

सगळ्यात महागात पडणारी चूक

येण्याआधी घरी काहीतरी लावून बघणं. तीळ घालवणारं क्रीम, ॲसिडचे थेंब, लसूण, घट्ट बांधलेला दोरा, ऑनलाइन मागवलेलं पेनसारखं जाळण्याचं यंत्र. असं करून आलेल्याचा तीळ आम्हाला दिसतच नाही. दिसते ती काळी कडक खपली, भोवती लालसर सुजलेली कड आणि कधी कधी पू.

आता आमची अडचण बघा. आम्ही डर्मोस्कोपने तपासतो. हातात मावणारं, दहापट मोठं दाखवणारं भिंग. त्वचेवर जेलचा थेंब टाकून ते टेकवलं की साध्या तिळात तपकिरी जाळी दिसते, सारख्या विणीची, कडेला हळूहळू विरत जाणारी. ही वीण कुठे तुटली आहे, कुठे एका बाजूला दाट झाली आहे, यावरून आमचा बराचसा निर्णय होतो. खपलीखाली यातलं काही दिसत नाही. जखम भरेपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं, आणि भरल्यावर मूळ तिळाचा रंग-आकार गेलेला असतो.

पुढचं तर आणखी किचकट. ॲसिडने वरचा थर जळतो, खालच्या पेशी राहतात. काही महिन्यांत व्रणाच्या मधोमध पुन्हा रंग उगवतो, वेडावाकडा. अशा तिळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली चक्क कॅन्सरसारखा दिसू शकतो. पॅथॉलॉजिस्टला आधीचा उद्योग सांगितलेला नसेल तर त्यांचीही पंचाईत, आणि रिपोर्ट येईपर्यंत तुमची झोप उडते ती वेगळीच. शिवाय ॲसिडचा वण टाक्याच्या रेघेपेक्षा बहुधा जास्त उठून दिसतो.

क्रीमच्या डबीवर "सुरक्षित, नैसर्गिक" लिहिलेलं असतं, हे आम्हालाही माहीत आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीळ किंवा चामखीळ घालवण्यासाठी एकही औषध मंजूर केलेलं नाही, चिठ्ठीवरचंही नाही आणि बिनचिठ्ठीचंही नाही, आणि 2022 मध्ये अशी उत्पादनं विकणाऱ्यांना त्यांनी इशारापत्रं पाठवली. तरीही काही लावून झालं असेल तर आल्यावर सरळ सांगा. रागावणार कोणी नाही. लपवलंत तर मात्र तपासणी चुकीच्या वाटेला जाते.

काढायचा कसा

वर आलेला, भिंगाखाली निर्धोक दिसणारा तीळ भूल देऊन पात्याने त्वचेच्या पातळीवर छाटता येतो. टाका लागत नाही. तळाशी थोड्या पेशी राहिल्या तर रंग परत येऊ शकतो, आणि केस असलेल्या तिळावर केस पुन्हा उगवू शकतो, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. खोल, मोठा किंवा जरासाही शंकास्पद तीळ कडेच्या थोड्या त्वचेसकट पूर्ण काढून टाके घालतो. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांनी निघतात, पाठीचे दहा ते चौदा. दुखतं ते भुलेचं इंजेक्शन, अर्धा मिनिट. बाकी नुसतं ओढल्यासारखं वाटतं.

चामखीळ आणि गालांवरचे दाणे रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे विद्युत लहरींच्या उष्णतेने, पटकन निघतात, एका बैठकीत बरेच. खऱ्या काळ्या तिळावर मात्र आम्ही लेझर मारत नाही. लेझरने रंग उडतो, पेशी तिथेच राहतात आणि तपासायला हातात काही उरत नाही. "दुसरीकडे लगेच करून देतात" हे आम्ही ऐकून आहोत. देत असतील. आमच्याकडे काढलेला प्रत्येक तीळ फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत जातो आणि तिथून पॅथॉलॉजीला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला. बिलात तो आकडा वेगळा दिसतो म्हणून काहीजण नको म्हणतात, पण या बाबतीत आम्ही ऐकत नाही.

काढल्यामुळे साध्या तिळाचा कॅन्सर होत नाही. ही भीती पसरली ती आधीच बिघडलेले तीळ न तपासता काढले गेले म्हणून. दोष मग काढण्यावर आला.

डाग राहील का? थोडा राहतोच. सावळ्या त्वचेत जागा काही महिने गडद दिसते, मग निवळते. छाती, खांदे आणि कानाच्या पाळीवर व्रण फुगण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तिथला निरुपद्रवी तीळ केवळ दिसण्यासाठी काढू नका असंच आम्ही सुचवतो, जरी त्यात आमचं काम जात असलं तरी. समारंभ तोंडावर असेल तर तो होऊन जाऊ द्या.

वाट बघू नये असं काय

तिळाचे दोन अर्धे जुळत नाहीत, कड दातेरी झाली, एकातच तीन-चार रंग दिसू लागले, पेन्सिलच्या मागच्या खोडरबरापेक्षा तो मोठा झाला, किंवा काही आठवड्या-महिन्यांत बदलला, खाजू लागला, आपोआप रक्त आलं, तर लगेच या. चाळिशीनंतर उगवलेला नवा तीळही दाखवून ठेवा. गरोदरपणात तीळ गडद होतातच असं समजून बदलाकडे काणाडोळा करू नका.

सावळ्या लोकांना मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, कमी होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे जिथे कोणी बघत नाही तिथे. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये तोच सापडला. आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. 1981 मध्ये, 36 व्या वर्षी ते गेले. एकाच नखावर काळी रेघ असेल आणि ती रुंदावत असेल तर बूट लागला असेल म्हणून सोडून देऊ नका.

येताना

मेकअप आणि नेलपॉलिश काढून या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. पेसमेकर असेल तर तेही सांगा. तिळाचे जुने फोटो असतील तर घेऊन या. नसतील तर आजच शेजारी मोजपट्टी धरून एक काढा. पहिल्या भेटीत काढलाच पाहिजे असं काही नाही. नुसती तपासणी करून, नोंद ठेवून परत जाणारेही पुष्कळ आहेत, आणि पुढच्या वेळी तुलना करायला ती नोंद आमच्याकडे तयार असते.