लोखंडाचा जन्मदाखला

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या फौंड्रीत उभा होतो. भट्टीत भंगार पडत होतं: पत्र्याची कात्रणं, गंजके बोल्ट, मोडक्या गाड्यांचे दाबून केलेले गठ्ठे. त्यातले काही गठ्ठे समुद्रापलीकडून आलेले. साधारण १५०० अंश सेल्सिअसला सगळ्याचा एकच लालभडक रस झाला आणि साच्यात ओतला गेला. वाळू झाडल्यावर जे कास्टिंग निघालं, ते कुठल्या देशाचं?

कस्टमच्या लेखी भारताचं. जगभर मालाला सहा अंकी क्रमांक असतो. लोखंडी भंगाराचे पहिले चार अंक ७२०४, तर साध्या ओतीव वस्तूचे ७३२५. म्हणजे भट्टीत नुसतं लोखंड वितळत नाही, मालाची जातही बदलते. मुक्त व्यापार करारांतला 'उत्पत्तीचा नियम', म्हणजे माल कुठल्या देशाचा ते ठरवणारा नियम, बऱ्याचदा हेच तपासतो. काही ठिकाणी एवढ्यावर भागत नाही. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी भारताचा २०१० पासून लागू असलेल्या करारात क्रमांक बदलायला हवाच, शिवाय किमतीतला किमान ३५ टक्के वाटा करारातल्या देशांचा हवा.

एवढा काथ्याकूट कशासाठी? जागतिक व्यापार संघटनेचा मूळ नियम असा, की एकाला दिलेली जकात सवलत सगळ्यांना द्यायची. त्याला संघटनेआधीच्या गॅट या व्यापार करारातच एक पळवाट ठेवलेली होती: आपसांतला बहुतेक सगळा व्यापार खुला करणाऱ्या देशांना ही सक्ती नाही. म्हणजे सवलत फक्त जोडीदाराच्या मालाला, म्हणून माल कुठला ते तपासायचं. २००१ साली सुरू झालेली जागतिक व्यापार वाटाघाटींची दोहा फेरी अडकली आणि या पळवाटेचाच हमरस्ता झाला. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती अशा असंख्य करारांच्या गुंत्याला 'स्पॅगेटी बोल' म्हणतात. आपण शेवयांचा गुंता म्हणू, चव सोडून बाकी सगळं तेच.

सवलतीचं दार एकदा उघडलं की माल तिकडे वळतो. हुपरीच्या पैंजणांची चांदीच घ्या. चांदीचा उत्पादक म्हणून संयुक्त अरब अमिरातीचं नाव कुणी घेत नाही. पण मे २०२२ पासून त्यांच्याशी करार लागू आहे, आणि २०२४ च्या पूर्वार्धात चांदीवर एरवी १५ टक्के आयात शुल्क असताना तिथून येणाऱ्या चांदीवर त्याच्या जवळपास निम्मंच होतं. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात सर्वसाधारण शुल्कच ६ टक्क्यांवर आलं आणि सवलतीचं दार मुख्य दारापेक्षा महाग पडू लागलं! जागतिकीकरण आटतंय असं म्हणतात, ते मला पटत नाही. त्याची वाट आता अशी दाराच्या हिशेबाने वळते, इतकंच.

ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला. असा प्रत्येक करार म्हणजे फौंड्रीवाल्याला आणखी एक नियमावली. त्या दिवशी भट्टीपासून वीस पावलांवरच्या केबिनमध्ये हिशेबनीस भंगाराची बिलं दोन गठ्ठ्यांत लावत होता, देशी एकीकडे, आयातीची दुसरीकडे. बाहेर क्रेनच्या चुंबकाने दोन्ही ढिगांतलं एकत्रच उचललं होतं.