टीव्हीचे दाखवायचे दात

मोठ्या टीव्हीच्या खोक्यावर जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, त्याने डोळ्याला बहुतेक वेळा सगळ्यात कमी फरक पडतो. आधीचा टीव्ही घेताना मी स्वतःच त्यात फसलो. खोक्यावर लिहिलं होतं, ‘कॉन्ट्रास्ट १०,००,००० : १’. घरी दिवे मालवून अंतराळावरचा माहितीपट लावला, तर आकाश काळं नव्हतंच. पाणी घातलेल्या शाईसारखं करडं दिसत होतं.

कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरचं पांढरं काळ्याच्या किती पट उजळ आहे ते. आकडा खोटा नव्हता, मोजण्याची रीत चतुर होती. आधी संपूर्ण पांढरा पडदा मोजायचा, मग मागचा दिवा मंद करून किंवा विझवूनच संपूर्ण काळा पडदा मोजायचा आणि भागाकार करायचा. याला ‘डायनॅमिक’ कॉन्ट्रास्ट म्हणतात. पण चांदणं आणि अंधार एकाच चित्रात असतात, तेव्हा दिवा विझवता येत नाही. तिथे कामाला येतो तो पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा मूळचा, ‘नेटिव्ह’ कॉन्ट्रास्ट. तो खोक्यावर क्वचितच सापडतो.

एलसीडी टीव्हीत मागे दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांच्या लाखो बारीक झडपा. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड पाझरतोच. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पांढरं हे काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतं. व्हीए जातीत तीन ते पाच हजारपट, कधी त्याहून जास्त. मग सगळ्यांनी व्हीएच घ्यावं का? तसंही नाही. समोर बसलात तर ते उत्तम, पण बाजूला सरकलात की त्याचे रंग फिके पडतात. घरातली निम्मी माणसं कोपऱ्यातून टीव्ही बघत असतील, तर हा प्रश्न कॉन्ट्रास्टइतकाच मोठा ठरतो.

पाझरण्यावरचा एक तोडगा म्हणजे मागच्या दिव्यांचे गट पाडून अंधाऱ्या भागातले गट मंद करायचे. यालाच लोकल डिमिंग म्हणतात. इथे फक्त ‘आहे का’ एवढं विचारून भागत नाही, गट किती ते विचारावं लागतं. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके असतात. मागे खूप बारीक दिवे असलेल्या मिनी-एलईडी टीव्हीत अगदी हजार गट असले, तरी एका गटाच्या वाट्याला आठ हजारांवर पिक्सेल येतात. दोन-चार पिक्सेलांची चांदणी दाखवायला त्या आठ हजारांमागचा दिवा लावावा लागतो, म्हणून चांदणीभोवती धुरकट प्रभावळ दिसते. गट पन्नासच असतील तर विचारायलाच नको.

ओएलईडीत हा घोळच नाही. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि विझला की विझतो. १९८७ साली चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कोडॅकमध्ये सेंद्रिय पदार्थांचे अतिपातळ थर देऊन कमी दाबाच्या विजेवर चालणारा असा दिवा करून दाखवला, ती याची सुरुवात. पण हे पदार्थ वापराने झिजतात, त्यातही निळा लवकर. ज्या घरात दिवसभर एकच वृत्तवाहिनी चालू असते, तिथे त्या वाहिनीचं बोधचिन्ह पडद्यावर कायमचं उमटू शकतं.

आता एका अक्षराची गंमत. ‘क्यूएलईडी’ हे नाव ओएलईडीचं सख्खं भावंड वाटतं, पण बाजारात या नावाने मिळणारा टीव्ही एलसीडीच असतो. त्यात क्वांटम डॉटचा एक थर जास्त. हे कण काही नॅनोमीटरचे असतात आणि त्यांचा आकार बदलला की त्यांच्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. या कणांच्या शोधासाठी आणि ते बनवण्याच्या पद्धतीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मागच्या निळ्या प्रकाशातून हा थर शुद्ध लाल आणि हिरवा काढतो, त्यामुळे रंग खरोखर खुलतात. काळा मात्र जिथल्या तिथेच राहतो.

रिझोल्यूशनचा हिशेब घरी टेप धरूनच करावा. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे ४केचा एक पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा. फुल एचडीचा पिक्सेल याच्या दुप्पट रुंद असतो, तरी सव्वादोन मीटरच्या पलीकडे बसलात, तर फुल एचडी आणि ४केमधला फरक बहुतेकांना जाणवणार नाही. आणि ८केचं आणखी बारीक काम दिसायला पडद्यापासून जेमतेम मीटरभर अंतरावर बसावं लागेल. त्यापेक्षा तोच पैसा इंचांवर घालवलेला बरा: ६५ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ५५ इंचीपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त असतं.

‘एचडीआर सपोर्ट’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतलं अंतर जास्त ठेवून तयार केलेलं चित्र. ‘सपोर्ट’चा अर्थ इतकाच की टीव्हीला तो सिग्नल कळतो. जुन्या पद्धतीचं चित्र १०० निट्स (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरून तयार होई; एचडीआरमधले लखलखाट हजार निट्सपर्यंत आणि काही वेळा त्याहूनही वर जातात. पॅनेलच ३०० निट्सचं असेल, तर वितळत्या लोखंडाचा झगमगाट दाबून सपाट करावा लागतो. शिवाय जाहिरातीतला उजेड पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर मोजलेला असतो. पूर्ण पडदा पांढरा केला की तो बराच उतरतो, ओएलईडीत तर फारच. आणि ९०० की १०००, यावर डोकं शिणवू नये. डोळा उजेड पटीत मोजतो, बेरजेत नाही.

रिफ्रेश रेटमध्येही ‘मोशन २४०’ असली नावं सोडून पॅनेलचे खरे हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते विचारावं. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. ६० हर्ट्झमध्ये त्या सम बसत नाहीत, म्हणून एक चौकट दोनदा, पुढची तीनदा दाखवायची वेळ येते आणि संथ सरकणारा कॅमेरा अडखळल्यासारखा वाटतो. १२० हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा बसते. मधल्या चौकटी स्वतः रचून भरणारी सोय मात्र मी पहिल्या दिवशीच बंद करतो. तिने चांगला चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. खेळाच्या सामन्याला ती चालते.

आवाजाबद्दल काय बोलावं? एवढ्या पातळ पेटीत खर्ज घुमायला जागाच नसते, मग वॅट कितीही लिहोत.

दुकानात मात्र यातलं काहीच नीट दिसत नाही. तिथला लख्ख उजेड करडा काळा झाकून टाकतो आणि टीव्ही ‘व्हिव्हिड’, म्हणजे भडक रंगांच्या मोडवर ठेवलेला असतो. तेव्हा आधी चित्र ‘सिनेमा’ मोडवर आणायला सांगा आणि चित्रपटाच्या शेवटची श्रेयनामावली लावा: काळ्यावर वर सरकणारी पांढरी अक्षरं. अक्षरांभोवती उजेड सांडतो का, सरकताना ती फाटतात का, हे समोरून बघा, मग चार पावलं बाजूला जाऊन परत बघा. एव्हाना विक्रेता रिमोट घेऊन पुन्हा दुकानातल्या नमुना-चित्रफितीतले ते रंगीत पोपट लावायला निघालेला असेल. त्याला दोन मिनिटं थांबवा.