दोन मिलिमीटरची मोकळी जागा

“गाठ पूर्ण काढली ना?” मणक्याचं ऑपरेशन संपवून सर्जन बाहेर आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच. स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला असेल, तर खरं उत्तर बहुतेक वेळा “नाही” असं असतं, आणि ते ऐकून चेहरे पडतात. पण गाठ पूर्ण काढायची असं मुळात ठरलेलंच नसतं.

स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा सर्वाधिक वेळा हाडांत जातो, त्यातही मणक्यांत. इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 साली शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून म्हटलं होतं, बी सगळीकडे पडतं, पण मानवेल त्याच मातीत रुजतं. कर्करोगाच्या या पेशी हाड स्वतः फारसं कुरतडत नाहीत. हाड झिजवणाऱ्या आपल्याच पेशींना, म्हणजे ऑस्टिओक्लास्टना, त्या कामाला लावतात. मणका आतून पोखरतो, खचतो, आणि गाठ मागे सरकून मज्जारज्जूला रेटते. आडवं पडल्यावर वाढणारी पाठदुखी, मग पायांत जडपणा.

पूर्वी नुसती लॅमिनेक्टॉमी करत, म्हणजे मणक्याची मागची कमान काढत. गाठ बहुधा पुढच्या भागात! पुढचा खांब पोखरलेला आणि मागचा आधारही गेलेला. मग रज्जूवरचा दाब थेट काढून स्क्रू आणि सळ्यांनी मणका सावरायची पद्धत आली. 2005 साली 101 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे मूळ कर्करोग वेगवेगळे होते. असं ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी 84 टक्के उपचारानंतर चालू शकले, नुसत्या रेडिएशनवाल्यांपैकी 57 टक्के.

आता माझा आवडता भाग. आजचं नेमकं रेडिएशन एकाच बैठकीत गाठीला 24 ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रा देऊ शकतं. मज्जारज्जूच्या एखाद्या बिंदूलाही साधारण 14 ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नसतं, नाहीतर किरणांनीच पाय जायचे. मात्रा 24 वरून 14 वर उतरायला थोडं तरी अंतर हवं. किरण काही कात्रीसारखे रेघेवर कापत नाहीत. गाठ रज्जूला चिकटलेली असेल तर त्या कडेलाच मात्रा कमी ठेवावी लागते, आणि गाठ पुन्हा वाढते तीही तिथूनच. म्हणून सर्जन रज्जूच्या ड्युरा या आवरणाभोवतीची गाठ तेवढी सोडवतात, दोन-तीन मिलिमीटर जागा करतात, वरखालच्या मणक्यांत स्क्रू बसवतात आणि थांबतात. पुढच्या भागातली उरलेली गाठ किरणांच्या वाट्याची. सळ्या कार्बन फायबरच्या असल्या तर स्कॅनमध्ये धातूची चमक येत नाही आणि किरणांचा हिशेबही नीट बसतो.

“चाकू लागला की कॅन्सर भडकतो” असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. इथे तर तो ऑपरेशनच्या कितीतरी आधी रक्तातून मणक्यात पोचलेला असतो. या बोलण्यापायी मात्र दिवस जातात, आणि पाय पूर्ण लुळे पडल्यावर चाल परत येण्याची शक्यता फार घटते.

रेडिएशनची आखणी करण्याआधी पुन्हा स्कॅन होतो. एमआरआयच्या एका प्रकारात मज्जारज्जूभोवतीचा द्रव पांढरा दिसतो. ऑपरेशनपूर्वी गाठीच्या बाजूने तुटलेलं ते पांढरं कडं आता पूर्ण झालंय का, हे डॉक्टर आधी बघतात.