इंजिन ब्रेकिंग (पिकअप वाहनांतील)

इंजिन ब्रेकिंग : उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून, पण गाडी गिअरमध्येच ठेवून, इंजिनाच्या अंगच्या विरोधाने वेग आवरण्याची रीत. चालकांच्या बोलीत ‘गाडी गिअरवर उतरवणे’. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सह्याद्रीच्या घाटांतून कोकणात उतरणाऱ्या, मागच्या चाकांना ओढ असलेल्या डिझेल पिकअपचा विचार केला आहे.

हा विरोध नेमका येतो कुठून, याबद्दल गैरसमज रूढ आहे. डिझेल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) जास्त (साधारण १६ ते १८, पेट्रोलचे ९ ते ११), म्हणून डिझेल गाडी उतारावर अधिक धरते, असे सांगितले जाते. ते तसेच्या तसे मान्य करता येत नाही. दट्ट्या (पिस्टन) वर जाताना हवा दाबण्यात जी ऊर्जा जाते, तिचा बराच भाग तीच हवा दट्ट्याला खाली ढकलताना परत करते. दाबलेली स्प्रिंग सोडावी तसे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मिटल्यावर आत निर्वात होतो आणि त्याविरुद्ध दट्ट्याला ओढ घ्यावी लागते. डिझेलमध्ये शक्तीचे नियंत्रण इंधनाच्या मात्रेने होते, त्यामुळे हा भाग जवळजवळ नसतो. उरते ते रिंगा, बेअरिंग आणि पंपांचे घर्षण व सिलिंडरच्या भिंतींतून जाणारी उष्णता. डिझेलचे भाग जड असल्याने हे घर्षण कमी नसते. म्हणजे डिझेल गाडी उतारावर धरते हा चालकांचा अनुभव खरा, त्याचे कारण तेवढे चुकीचे.

दाबलेली हवा परत ढकलण्याआधीच झडप उघडून सोडून देणे हा यावरचा उपाय. तो अमेरिकन अभियंता क्लेसी कमिन्स यांचा. जेकब्स कंपनीने तो १९६१ च्या सुमारास बाजारात आणला. परंतु स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीच्या मालमोटारींत इंजिनाचा ब्रेकसारखा वापर विसाव्या शतकाच्या आरंभीच होत असल्याने, इंजिन ब्रेकची कल्पनाच कमिन्सपासून सुरू झाली हे मत फारसे टिकत नाही. आपल्याकडच्या मोठ्या ट्रक-बसमध्ये दिसतो तो एक्झॉस्ट ब्रेक आणखी वेगळा : धुराची वाट झडपेने कोंडणारा. छोट्या पिकअपमध्ये यांपैकी काही सहसा नसते, म्हणून तेथे सगळी भिस्त गिअरच्या निवडीवर.

भरलेल्या पिकअपचे एकूण वजन ३ टन आणि उतार १५ ला १ धरू. ताशी ३० किमी वेग कायम राखायला गुरुत्वाकर्षणाचे सुमारे १६ किलोवॉट जिरवावे लागतात. त्यांतले ३ च्या आसपास टायरच खातात. अडीच लिटरचे डिझेल इंजिन मिनिटाला २,३०० फेऱ्यांना अंदाजे ८ किलोवॉट शोषते, १,००० फेऱ्यांना जेमतेम अडीच-तीन. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमधला फरक साधारण एवढा. बाकीचा भार ब्रेकवर. आंबोली (सुमारे ६९० मी.) उतरून दाणोलीकडे येताना ६०० मी. उंची सुटते असे धरले, तर तीन टनांची ऊर्जा पाच युनिट विजेइतकी होते, आणि इंजिन व टायर घेतील तेवढी सोडून ती चार चाकांच्या लोखंडातून बाहेर पडायची असते.

कोकणातून भरून चढते ती आंब्याची आणि मासळीची गाडी. भरून उतरते ती बेळगाव-कोल्हापूरकडची भाजी, कांदा, गूळ यांची. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली हे घाट यासाठी महत्त्वाचे. कशेडीत बोगदे झाल्यापासून तेथला प्रश्न निवळला आहे. सड्यावरच्या (जांभ्या खडकाच्या पठारावरच्या) खाणीतून चिरे घेऊन खाडीकाठी उतरणारी वाट लहान असते, पण उभी. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा चालकांचा ठोकताळा पुरेसा आहे. गिअर माथ्यावरच, वेग वाढण्याआधी टाकावा. उतारावर खालचा गिअर घ्यायला जाऊन तो पडलाच नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. वेगात पडला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधन बंद असूनही फेऱ्या मर्यादेबाहेर जातात, झडपा वाकतात. ब्रेक सतत टेकवून ठेवण्याऐवजी ताशी ३५ किमीवरून २५ पर्यंत ठाम दाबून सोडावा. याविषयी मतभेद आहेत, पण पिकअपला ही रीत बरी दिसते.

डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रल करणे हा जुना रोग. कॉमन रेल (संगणकाने इंधनाचा फवारा नियंत्रित होणाऱ्या) इंजिनात गिअरमध्ये पाय काढल्यावर इंधन बंदच होते, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला जळत राहते. इंजिनच बंद केले, तर ब्रेक बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या साधनाचा) निर्वात दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे होते. उलट पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले, तर ब्रेक ऑइल उकळले असे समजावे. नव्या डॉट-३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश से., ओलावा शोषलेल्याचा १४० पर्यंत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ऑइल दोन वर्षांत बदलणे म्हणूनच टाळू नये. जळका वास म्हणजे पॅड-लायनर तापल्याची खूण. तेव्हा थांबून चाकांना दगड लावावेत. तापल्या ड्रमवर पाणी ओतल्यास तो तडकू शकतो.

पावसाळ्यात रिकामी पिकअप वेगळी वागते. इंजिनाचा विरोध फक्त मागच्या चाकांवर येतो आणि मागे वजन नसते. लाल चिखलाच्या वळणावर क्लच झटक्यात सोडला की शेपटी फिरते. शिवाय या रोधाने मागचा लाल दिवा लागत नाही, त्यामुळे धुक्यात पेडलला हलका स्पर्श करावा.

विद्युत पिकअपमध्ये हेच काम मोटार करते, पण बॅटरी माथ्यावरच पूर्ण भरलेली असेल तर ती ऊर्जा घ्यायला जागा नसते.