खरी साथ आणि आभासी साथ: ब्राँकोस्कोपमधून जंतू निघतात तेव्हा

बीएएलच्या नमुन्यांत, म्हणजे ब्राँकोस्कोपमधून (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीच्या नळीतून) फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलेल्या पाण्यात, दोन आठवड्यांत पाच रुग्णांना एकच जंतू निघाला, असे समजू. इथे दोन चुका हमखास होतात. कुणी पाचही जणांना भारी अँटिबायोटिक सुरू करतो, तर कुणी रिपोर्टवर ‘कंटॅमिनेशन’ (नमुनाच दूषित) लिहून विषय मिटवतो. पहिला ही खरी साथ धरून चालला, दुसरा आभासी. पण पलंगाजवळ जाऊन रुग्ण पाहिल्याशिवाय यातले काहीच ठरत नाही.

खऱ्या साथीत जंतू रुग्णाच्या शरीरात शिरतो, वाढतो आणि आजार करतो. आभासी साथीत जंतू नमुन्यात असतो, रुग्णात नसतो. तो स्कोपच्या नळीतून येतो, सलाइनमधून येतो, कधी प्रयोगशाळेतल्या एखाद्या द्रावणातूनही येतो. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या काही रुग्णालयांत रक्ताच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) सेपेशिया हा जंतू वारंवार निघू लागला. शोधाअंती कळले की रक्त काढण्याआधी त्वचा पुसायला वापरलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्येच तो होता. जंतू मारायचे औषधच जंतूंचे घर असू शकते, हे तेव्हा फारसे कुणाच्या मनात आले नसते.

ब्राँकोस्कोपीत वेळेचा हिशेब फार महत्त्वाचा आहे, आणि तोच बहुतेकदा चुकतो. स्कोप आत गेला त्याच मिनिटाला बीएएल घेतले जाते. त्या स्कोपने जंतू आत सोडले असतील तर त्यांना वाढून आजार करायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून त्या पहिल्या नमुन्यातला जंतू एक तर रुग्णात आधीपासून होता किंवा स्कोपमध्ये होता. स्कोपमुळे संसर्ग झाला की नाही, याचे उत्तर त्या नमुन्यात नसते. ते नंतरच्या दिवसांत असते: नवा ताप, एक्स-रेवर नवी सावली, ऑक्सिजनची वाढलेली गरज, घट्ट पिवळी थुंकी आणि स्कोपमधून न गेलेल्या नमुन्यात तोच जंतू. थुंकी, एंडोट्रॅकिअल ट्यूबमधला (श्वासनलिकेत घातलेल्या श्वासाच्या नळीतला) स्राव, रक्त यांत तोच निघाला तर पारडे खऱ्या साथीकडे झुकते. हे सगळे स्वच्छ, रुग्ण ठणठणीत आणि बीएएलच्या ग्रॅम स्टेनमध्ये (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर) पू-पेशी जवळपास नाहीत, असे असेल तर आभासी साथीची शंका बळावते. मात्र ब्राँकिएक्टेसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या) रुग्णांच्या श्वासनलिकांत स्यूडोमोनास हा जंतू वर्षानुवर्षे मुक्कामाला असतो. म्हणून मागच्या वर्षभरात शंभर बीएएलमागे हा जंतू किती वेळा निघत होता, हा आकडा आधी काढावा. तो हाताशी नसेल तर वाढ झाली की नाही हेच सांगता येत नाही.

जनुकीय तपासणीने निकाल लागेल, ही समजूत सार्वत्रिक आहे. पाचही नमुन्यांतला जंतू एकाच वंशाचा निघाला तर उगम एक आहे, एवढेच सिद्ध होते. तो उगम रुग्णांना बाधला की नुसता नमुन्यांत उतरला, ते जनुकांत लिहिलेले नसते. दोन्ही साथींत जनुकीय रिपोर्ट अगदी सारखा येऊ शकतो.

आपल्याकडे हा घोळ सर्वांत महागात पडतो तो टीबीच्या बाबतीत. सीबीनॅट ही चाचणी जंतूचा डीएनए शोधते, तो जिवंत की मेलेला हे पाहत नाही. आधीच्या टीबी रुग्णाचा स्राव स्कोपच्या चॅनेलमध्ये (आतल्या पोकळ नळीत) नीट घासला गेला नाही, तर रसायनाने जंतू मेले तरी त्यांचा डीएनए पुढच्या नमुन्यात उतरू शकतो. मग निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर) नोंद होते आणि सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. लक्षणे जुळत नसलेल्या रुग्णाचे सीबीनॅट ‘ट्रेस’ किंवा ‘व्हेरी लो’ (डीएनए अगदी थोडा) आले, की त्याच स्कोपने त्याच्याआधी कुणाची तपासणी झाली ते रजिस्टरमध्ये पाहावे.

दोन्ही साथी एकाच वेळी असू शकतात, आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ मध्ये तेच घडले. तिथे बीएएलमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा निघण्याचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले. या काळात ४१४ जणांची ब्राँकोस्कोपी झाली होती. त्यांतल्या ३९ जणांना श्वसनमार्गाचे किंवा रक्ताचे मिळून ४८ संसर्ग झाले आणि तीन मृत्यूंत दूषित स्कोपचा हात असण्याची शक्यता नोंदवली गेली. धुण्याच्या यंत्रांत आणि आजूबाजूला हा जंतू सापडला नाही. सापडला तो तीन ब्राँकोस्कोपमध्ये, आणि तिन्हींच्या बायोप्सी पोर्टची (उपकरण आत घालायच्या तोंडाची) टोपी सैल होती. सैल टोपीखालच्या फटीत ओल राहते, पण ब्रश आणि रसायन तिथे धड पोहोचत नाहीत. ते स्कोप काढून घेतल्यावर प्रमाण पूर्ववत झाले. पहिल्याच दिवशी ‘कंटॅमिनेशन’ म्हणून फाइल मिटवली असती तर?

म्हणून साथ खरी असो वा आभासी, संशय आला की पहिले पाऊल एकच: स्कोप वापरातून काढा, ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि तो पुन्हा धुऊ नका. घाईने धुतला की पुरावा गेला. निर्जंतुक हातमोजे घालून दोघांनी मिळून नमुना घ्यावा. चॅनेलमधून निर्जंतुक पाणी सोडायचे, निर्जंतुक ब्रश फिरवायचा, पुन्हा पाणी सोडायचे आणि सगळे एकत्र कल्चरला पाठवायचे. पोर्ट, सक्शन व्हॉल्व्ह आणि दूरचे टोक यांचे स्वॅब वेगळे घ्यावेत. एकदा कल्चर निगेटिव्ह आले म्हणून स्कोप निर्दोष ठरत नाही, कारण बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, आत चिकटून बसलेली असते.

दरम्यान प्रत्येक रुग्णापुढे तारीख, स्कोपचा क्रमांक, आधीचा रुग्ण, धुण्याचे यंत्र आणि धुणारी व्यक्ती लिहून लाइन लिस्ट, म्हणजे एका रुग्णामागे एक ओळ अशी यादी, करावी. एकाच क्रमांकाच्या स्कोपशी सगळे जुळले तर दोष त्या स्कोपमध्ये: चॅनेलवर ओरखडा, गळती, सैल भाग. वेगवेगळे स्कोप पण यंत्र एकच असेल तर यंत्राचे पाणी, फिल्टर आणि नळ्या पाहाव्यात. जंतूही दिशा दाखवतो. क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय बहुतेकदा आधीच्या रुग्णाकडून आलेला असतो, म्हणजे हाताने घासण्यात कसर राहिली. स्यूडोमोनास किंवा मायकोबॅक्टेरियम केलोनी पाण्यात राहणारे असतात. तेव्हा शेवटच्या धुण्याचे पाणी, ०.२ मायक्रॉनचा फिल्टर आणि सुकवणे तपासावे. केलोनीचे काही वंश ग्लुटाराल्डिहाइड या स्कोप निर्जंतुक करायच्या रसायनाला दाद देत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

नेहमीचे दोष साधे असतात. लीक टेस्ट (स्कोपला गळती आहे का ते पाहणे) टाळलेली असते. ब्रश चॅनेलपेक्षा बारीक असतो. ०.५५ टक्के ओपीए या निर्जंतुकीकरणाच्या द्रावणात २० अंश तापमानाला १२ मिनिटे हवीत, तिथे गर्दीच्या दिवशी पाचच मिनिटे मिळतात. द्रावणाला चौदा दिवस झाले नाहीत म्हणून त्याची ताकद तपासायची पट्टी न लावताच ते वापरले जाते. प्रत्यक्षात चौदा दिवस ही कमाल मर्यादा आहे, आणि ताकद ०.३ टक्क्यांच्या खाली गेल्याचे पट्टीने दाखवले तर ते तिसऱ्या दिवशीही ओतून द्यावे लागते. आणि ओला स्कोप पेटीत गुंडाळून ठेवला जातो. चॅनेलमध्ये दहा मिनिटे दाबाची हवा सोडून, तो उभा टांगून ठेवला तर यातला बराच त्रास वाचतो.

रुग्णांच्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या होतात. आभासी साथीत निष्कारण सुरू झालेले औषध थांबवावे आणि दुरुस्त रिपोर्ट द्यावा. जुना रिपोर्ट रुग्णाच्या पिशवीत तसाच राहिला तर पुढचा डॉक्टर तोच वाचून उपचार करतो. खऱ्या साथीत त्या स्कोपने तपासलेल्या प्रत्येकाला बोलवावे, आज बरे दिसणाऱ्यांनाही. मायकोबॅक्टेरियमचा संशय असेल तर पाठपुरावा काही महिने चालू ठेवावा. धुण्यातच मोठी त्रुटी निघाली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या चाचण्यांबद्दल रुग्णाशी मोकळेपणाने बोलावे.