1,84,46,74,40,73,70,95,51,615 : पटावरच्या ज्वारीचा हिशेब

बुद्धिबळ शोधणाऱ्याने राजाकडे पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असं चौसष्ट घरांचं धान्य मागितलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली. पुस्तकात गहू नाहीतर तांदूळ असतो. सोलापुरात मात्र हिशेब ज्वारीचाच हवा.

मालदांडी ज्वारीचे हजार दाणे 30 ग्रॅम भरतात असं धरू. पहिल्या ओळीत 255 दाणे, चिमण्यांनाही पुरायचे नाहीत. सोळाव्या घरात 32,768, म्हणजे किलोला जरा कमी. अर्धा पट संपला की बेरीज होते 4,29,49,67,295. मार्केट यार्डात क्विंटलाची 1,288 पोती. राजाच काय, एखादा बडा अडत्याही देऊन टाकेल. गंमत उरलेल्या अर्ध्या पटावर आहे. सगळी मिळून होते सुमारे 55 हजार कोटी टन, आणि अख्ख्या जगात वर्षाकाठी ज्वारी पिकते साधारण 6 कोटी टन.

सगळ्या दाण्यांची बेरीज म्हणजे मथळ्यातला आकडा. तो काढायला चौसष्ट वेळा दुप्पट करत बसावं लागत नाही. कवितेतल्या छंदांचे प्रकार मोजताना प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाने निम्मं करत जायचं, मग वर्ग करायचा, अशी युक्ती दिली होती. 2, 4, 16, 256, 65,536 असे सहा वर्ग केले की दोनाचा चौसष्टावा घात हातात. त्यातून एक वजा. अल्-बिरूनी या विद्वानाने इ. स. 1000 च्या सुमारास पटाची हीच बेरीज वर्ग करत करत काढली. भूमितीश्रेढीची, म्हणजे दर पायरीला ठरावीक पटीने वाढणाऱ्या संख्यांची, बेरीज महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’तही आहे. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, इ. स. 850 च्या आसपासचे; त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे गुलबर्ग्याच्या पुढचं आजचं मळखेड. आपल्या शेजारचंच म्हणायचं. ‘लीलावती’त (1150) भास्कराचार्य दोन कवड्यांपासून महिनाभर रोज दुप्पट दान करायला लावतात, पण एकं, दहं, शतं करत त्यांची यादी परार्धाशी, अठराव्या स्थानाशी थांबते. आपला आकडा वीस अंकी. म्हणजे 184 परार्ध आणि वर मोड.

मला त्याच्या आकारापेक्षा त्याचे अवयव जास्त आवडतात. एकूण बेरीज म्हणजे अर्ध्या पटाची बेरीज गुणिले 4,29,49,67,297. पैकी अर्ध्या पटाची बेरीज सुटते 3 × 5 × 17 × 257 × 65,537 अशी, पाचही मूळ संख्या. मघाच्या 2, 4, 16, 256, 65,536 मध्ये एकेक मिळवला की हेच मिळतात. गणिती फर्माला 1640 मध्ये वाटलं, याच माळेतला पुढचा मणी 4,29,49,67,297 हाही मूळच असणार. जवळजवळ शंभर वर्षं कुणी तो फोडला नाही. 1732 मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की त्याला 641 ने नि:शेष भाग जातो, भागाकार 67,00,417.

कागद-पेन्सिल घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. 641 कुठून शोधायचा हे कळायलाच शतक गेलं.