तरुणांची कुटुंबनिर्मिती व घरांची मागणी

आई-वडिलांच्या घरातून बाहेर पडून वेगळे बिऱ्हाड थाटणाऱ्या तरुण प्रौढांची संख्या, त्यांचे तेव्हाचे वय आणि त्यांची राहण्याची पद्धत यांचा घरांच्या भावी मागणीवर पडणारा प्रभाव. लोकसंख्याशास्त्र, गृहनिर्माणाचे अर्थशास्त्र आणि नगररचना या तिन्ही शाखांत त्याचा अभ्यास होतो. ‘तरुण प्रौढ’ या गटाच्या सीमा अभ्यासागणिक बदलतात. १८–२९, २०–३४ आणि २५–३४ हे गट अधिक प्रचलित आहेत. चाळिशीनंतरची बहुतेक स्थलांतरे एका घरातून दुसऱ्या घरात होतात, म्हणजे जितकी घरे व्यापली जातात साधारण तितकीच मोकळी होतात. निव्वळ भर पडते ती मुख्यतः पहिल्या बिऱ्हाडांमुळे. त्यामुळे लोकसंख्येत या वयाचा वाटा मर्यादित असला तरी मागणीच्या वाढीवर त्याचा ठसा मोठा असतो.

व्याख्या : येथे कुटुंब हा शब्द जनगणनेच्या अर्थाने घ्यावयाचा आहे, त्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत कुटुंब ओळखण्याच्या दोन कसोट्या आढळतात. पहिलीत अन्न व इतर गरजांची सामाईक व्यवस्था पाहिली जाते, दुसरीत एका निवासात राहणारे सर्व जण एक कुटुंब धरले जातात. भारतीय जनगणना पहिलीच्या जवळ जाते, कारण तिच्यात सामाईक स्वयंपाकघर हा निकष आहे. फ्रान्सची जनगणना दुसरी कसोटी वापरते. एका सदनिकेत चार नोकरदार तरुण राहतात आणि प्रत्येक जण आपापली सोय करतो, असे समजू. पहिल्या कसोटीने ती चार कुटुंबे होतात, दुसरीने एकच. चौघांनी स्वयंपाक एकत्र सुरू केला, की पहिल्या कसोटीनेही एकच उरते. परवडत असते तर त्यांच्यापैकी किती जणांनी वेगळे घर घेतले असते, हे दोन्ही कसोट्यांतून कळत नाही आणि या विषयातील बहुतेक मतभेदांचे मूळ याच ठिकाणी आहे.

गणनापद्धती : भावी कुटुंबांची संख्या काढण्याची सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे कुटुंबप्रमुख दर पद्धत. एखाद्या वयोगटातील कुटुंबप्रमुखांच्या संख्येला त्या वयोगटाच्या एकूण लोकसंख्येने भागले, की तो दर मिळतो. वयोगटांच्या अपेक्षित लोकसंख्येला आपापल्या दराने गुणून बेरीज केली, की कुटुंबांची संख्या हाती येते. तीत रिकाम्या व पाडल्या जाणाऱ्या घरांची तजवीज मिळवून घरांची गरज ठरवली जाते. २५–३४ वयोगटात १० लाख लोक असून दर ०.४५ असेल तर कुटुंबे साडेचार लाख होतात. लोकसंख्या तीच राहून दर ०.४० वर आला तर चार लाख. माणसे एकानेही कमी न होता ५० हजार घरांची मागणी कागदावरून नाहीशी होते.

ही पद्धत अमेरिकेतील एका शासकीय नियोजन समितीने १९३८ च्या सुमारास प्रथम वापरली असे सामान्यतः मानले जाते. संयुक्त राष्ट्रांनी १९७३ मध्ये कुटुंबांच्या प्रक्षेपणावर (भावी संख्येच्या अंदाजावर) स्वतंत्र मार्गदर्शिका काढल्यावर तिचा प्रसार जगभर झाला. तिच्यावरील जुना आक्षेप असा, की कुटुंबप्रमुख ही नोंद बरीचशी लोकरूढीवर अवलंबून असते : घरातील थोरल्या पुरुषाचे नाव सांगण्याची पद्धत असली तर तरुणांचे, विशेषतः स्त्रियांचे, दर मुळातच कमी दिसतात. व्यक्तीच्या आयुष्यातील टप्पे व संक्रमणे मोजणारी प्रतिमाने पुढे विकसित झाली; परंतु त्यांना लागणारी तपशीलवार माहिती थोड्याच देशांत उपलब्ध असल्याने कुटुंबप्रमुख दराचे स्थान अजून टिकून आहे.

मॅनक्यू–वाइल वाद : तरुणांची संख्या आणि घरांच्या किमती यांच्या संबंधावरील सर्वांत गाजलेला वाद १९८९ मध्ये ग्रेगरी मॅनक्यू आणि डेव्हिड वाइल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या निबंधाने सुरू झाला. अमेरिकेत १९४६ ते १९६४ या बेबी बूमच्या (जन्मांच्या लाटेच्या) काळात सुमारे ७ कोटी ६० लाख मुले जन्मली. १९५७ मध्ये वार्षिक जन्मांची संख्या सुमारे ४३ लाखांवर पोहोचली होती. १९७३ पर्यंत ती सुमारे ३१ लाखांवर उतरली. मॅनक्यू व वाइल यांनी जनगणनेतील नमुन्यावरून घराचे मूल्य त्यात राहणाऱ्यांच्या वयानुसार वाटून पाहिले. मागणी विशीत झपाट्याने वाढते आणि चाळिशीनंतर हळूहळू उतरते, असा आलेख त्यांना मिळाला. १९७० च्या दशकात बेबी बूमची पिढी घर मांडण्याच्या वयात आली म्हणून किमती चढल्या. तिच्यामागून येणारी पिढी लहान असल्याने पुढच्या सुमारे दोन दशकांत वास्तव (महागाई वजा केलेल्या) किमती मोठ्या प्रमाणावर घसरतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या समीकरणानुसार २००७ पर्यंतची घट सुमारे ४७ टक्के भरत होती.

प्रत्यक्षात उलट घडले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००६ पर्यंत अमेरिकेतील वास्तव किमती वेगाने वाढल्या. नंतरची पडझड मोठी असली तरी तिची कारणे मुख्यत्वे कर्जव्यवहारात शोधली जातात. तिला या भाकिताचा उशिरा आलेला पडताळा मानणे ग्राह्य वाटत नाही. मात्र मूळ निबंधातील खरा दोष किमती वाढण्याच्या कितीतरी आधी दाखवला गेला होता. १९९१ मध्ये अनेक अभ्यासकांनी त्यावर टीकालेख लिहिले. गॅरी एंगेलहार्ट आणि जेम्स पॉटर्बा यांनी कॅनडाची आकडेवारी तपासली. तेथे वयोरचनेचा ओघ अमेरिकेसारखाच असूनही किमतींशी तसा संबंध आढळला नाही.

पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आक्षेप रिचर्ड ग्रीन आणि पॅट्रिक हेंडरशॉट यांनी १९९६ मध्ये मांडला. एका वर्षाच्या जनगणनेत साठीतला माणूस लहान घरात दिसतो, तो वयामुळे की आधीच्या, कमी शिकलेल्या आणि कमी मिळकतीच्या पिढीत जन्मल्यामुळे, हे त्या जनगणनेवरून ठरवता येत नाही. शिक्षण, उत्पन्न इत्यादी बाबी स्थिर धरल्या तर उतारवयात मागणी फारशी घटत नाही, असे त्यांना आढळले. वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम यांतील हा भेद मान्य केल्यावर मूळ भाकिताचा पाया उरत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक या टीकेच्या बाजूने झुकतात व ते रास्तही आहे. तरीही वयोरचनेचा किमतींशी काही संबंध नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. एलोड टाकाच यांनी २२ प्रगत अर्थव्यवस्थांची १९७० ते २००९ या काळातील आकडेवारी घेऊन वृद्धत्वाचा दबाव पुढील चार दशकांत किमतींची वाढ दरवर्षी सरासरी ०.८ टक्के बिंदूंनी रोखू शकेल असा अंदाज २०१२ मध्ये दिला. परिणामाची दिशा मॅनक्यू–वाइल यांच्यासारखीच आहे, आकार मात्र बराच माफक.

प्रक्षेपणातील वर्तुळदोष : घरे महाग असली की तरुण पालकांकडे थांबतात किंवा खोली वाटून घेतात, त्यामुळे कुटुंबप्रमुख दर उतरतो, तोच उतरलेला दर पुढच्या प्रक्षेपणात वापरला की घरांची गरज कमी दिसते आणि कमी घरांचे नियोजन होते. डोनाल्ड हॉरिन, हेंडरशॉट आणि किम यांनी १९९३ मध्ये भाडे व मजुरी यांचा अमेरिकी तरुणांच्या वेगळे राहण्यावरील परिणाम मोजला, तेव्हापासून कुटुंबनिर्मिती ही स्वतःच बाजारभावावर अवलंबून असलेली गोष्ट आहे, हे मान्य होत गेले. दर हा नैसर्गिक स्थिरांक समजणे चुकीचे ठरते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला धोरणात्मक वळण मिळाले. २०१४ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या शासकीय प्रक्षेपणात दरवर्षी सुमारे २ लाख १० हजार कुटुंबांची भर अपेक्षित होती. नंतर हे काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे गेले. २०१६ च्या पायावरील त्याचे आकडे सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तीच भर सुमारे १ लाख ५९ हजारांवर आली होती. घटीचा काही भाग लोकसंख्येच्या सुधारित अंदाजातून आला. उरलेला भाग पद्धतीतून आला : आधीची प्रक्षेपणे १९७१ पासूनच्या जनगणनांचा कल पाहत असत, नव्या प्रक्षेपणात फक्त २००१ आणि २०११ या दोन जनगणना घेतल्या होत्या. याच दशकात घरे आवाक्याबाहेर गेली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या आक्रसत आलेला कुटुंबाचा सरासरी आकार जवळजवळ स्थिरावला होता. २५–३४ वयोगटातील घरमालकीचे प्रमाण २००३–०४ मध्ये सुमारे ५९ टक्के होते, ते दहा वर्षांत सुमारे ३६ टक्क्यांवर उतरले. संख्याशास्त्रज्ञांच्या दृष्टीने नव्या पद्धतीत गैर काही नव्हते, कारण जे घडत आहे ते पुढे चालू ठेवणे एवढेच प्रक्षेपणाचे काम. परंतु ज्या तरुणांना घर मिळाले नाही त्यांची गणना गरज नसलेल्यांत होणे हा मोठा अन्याय होता. शासनाने नवे आकडे बाजूला ठेवून नियोजनासाठी २०१४ चेच आकडे वापरण्याचा निर्णय घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये कुटुंबांच्या प्रक्षेपणाचा आधारच सोडून देण्यात आला आणि प्रत्येक क्षेत्रातील अस्तित्वात असलेल्या घरांच्या ०.८ टक्के ही संख्या गणनेचा प्रारंभबिंदू ठरवण्यात आली.

घर सोडण्याचे वय : युरोपात या बाबतीत ठळक प्रादेशिक फरक आहेत. युरोपीय संघातील सरासरी २६ वर्षांच्या आसपास असते. फिनलंड व स्वीडनमध्ये तरुण एकवीस-बावीसच्या सुमारास बाहेर पडतात, तर क्रोएशिया, ग्रीस, स्पेन आणि इटलीत तिशीच्या आसपास किंवा त्यानंतर.

या फरकाच्या उगमाविषयी एकमत नाही. जॉन हायनल यांनी १९६५ मध्ये लेनिनग्राड (सेंट पीटर्झबर्ग) ते त्रिएस्ते अशी रेषा कल्पून तिच्या पश्चिमेस उशिरा विवाहाची आणि बऱ्याच जणांनी अविवाहित राहण्याची खास पद्धत रूढ होती असे दाखवले. १९८२ मध्ये त्यांनी वायव्य युरोपात विवाहाबरोबरच स्वतंत्र कुटुंब मांडले जाई, ही बाब तिला जोडली. ही रेषा किती जुनी, हा प्रश्न वादग्रस्त आहे. सतराव्या शतकासाठी पुरावा बराच भक्कम आहे, मध्ययुगाबाबत तो विरळ होतो. पीटर लॅस्लेट यांच्या मोजणीनुसार इंग्लंडमधील कुटुंबाचा सरासरी आकार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पावणेपाचच्या आसपास राहिला. औद्योगिकीकरणाने मोठी कुटुंबे फुटली, या समजाला त्यामुळे धक्का बसला. डेव्हिड रेहर यांनी १९९८ मध्ये उत्तरेकडील शिथिल आणि दक्षिणेकडील घट्ट नातेसंबंध शतकानुशतके चालत आल्याचे प्रतिपादन केले. मार्को मॅनाकोर्डा व एन्रिको मोरेत्ती यांनी २००६ मध्ये इटलीतील पालकांना मुले जवळ हवी असतात व त्यासाठी ते उत्पन्नातून वाटा देतात, असे आर्थिक स्पष्टीकरण दिले. संस्कृती हे कारण पूर्णतः नाकारता येत नाही. तथापि एकाच देशात भाडे, बेकारी व तात्पुरत्या नोकऱ्या यांच्याबरोबर हे वय सरकत असल्याने बाजाराधारित स्पष्टीकरणाकडे अलीकडचा कल अधिक आहे. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात १८–२९ वयोगटातील सुमारे ५२ टक्के तरुण पालकांसह राहत होते. हे प्रमाण १९४० च्या जनगणनेतील नोंदीपेक्षाही जास्त होते.

विवाह, जनन आणि कुटुंबाचा आकार : पॉल ग्लिक यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या कुटुंबचक्रात विवाह, पहिले मूल, मुलांचे बाहेर पडणे असे टप्पे क्रमाने येतात व त्या त्या टप्प्याला साजेसे घर गृहीत धरता येते. हा क्रम आता सैल झाला आहे. अमेरिकेत पहिल्या विवाहाचे मध्यक वय (निम्म्या व्यक्ती ज्याच्या खाली असतात ते वय) १९५६ मध्ये पुरुषांचे २२.५ व स्त्रियांचे २०.१ होते, २०२० पर्यंत ते अनुक्रमे ३०.५ आणि २८.१ झाले. त्याच देशात एकट्या व्यक्तीची कुटुंबे १९६० मध्ये सुमारे १३ टक्के होती, २०२० मध्ये सुमारे २८ टक्के. परिणामी जन्म घटूनही कुटुंबांची संख्या बरीच वर्षे वाढत राहू शकते. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास कमाल पातळीवर पोहोचून घटू लागली. कुटुंबे त्यानंतरही वाढत राहिली आणि २०२० च्या जनगणनेत त्यांपैकी सुमारे ३८ टक्के एकट्यांची होती. त्याच वेळी तेथे २०२३ मध्ये सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के, रिकामी आढळली. नोकऱ्यांसाठी तरुण मोठ्या शहरांत एकवटत असल्याने तेथे लहान सदनिकांना मागणी आणि गावांत ओस घरे अशी दोन्ही चित्रे एकाच देशात दिसतात. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये एकूण जननदर (एका स्त्रीमागे आयुष्यभरातील सरासरी अपत्ये) ०.७२ इतका खाली गेला असून एकट्यांची कुटुंबे एक तृतीयांशाहून अधिक आहेत. तेथे महाग घरांमुळे विवाह व अपत्यप्राप्ती लांबते, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास घरांचा तुटवडा पुढच्या पिढीच्या आकारावरही परिणाम करतो आणि वर्तुळदोषाला एक अधिक दीर्घ फेरा जोडला जातो.

विकसनशील देश : सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत लोकसंख्येचे मध्यक वय विशीच्या आत असून पुढील दशकांत जगातील नव्या बिऱ्हाडांचा मोठा वाटा तेथे असेल. त्यातील बरीच घरे टप्प्याटप्प्याने, राहणारेच बांधतात. कर्ज व किंमत यांवर आधारलेली वरील प्रतिमाने तेथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. भारतात २०११ च्या जनगणनेत कुटुंबाचा सरासरी आकार पाचाच्या किंचित खाली आला होता आणि शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती. पुढची जनगणना लांबल्याने वयोगटवार कुटुंबप्रमुख दरांसाठी अद्याप याच आकड्यांचा आणि नमुना पाहण्यांचा आधार घ्यावा लागतो.